मिस्टरी रोड बघायचाय? मग खुनी कोण ते आधी बाजूला ठेवा

ओळखीतल्या तीन-चार जणांनी तरी मला सांगितलंय की मिस्टरी रोड लावला होता पण अर्ध्या तासात बंद केला, काही घडतच नाही म्हणे, तो हिरो नुसता गाडीतून उतरतो, कुणाच्यातरी दारात उभा राहतो, दोन प्रश्न विचारतो, उत्तर मिळत नाही, परत गाडीत बसतो. पहिल्यांदा मी पण असाच बंद केलेला. आणि नंतर तोच पिक्चर मी चार वेळा बघितला, आईबाबांना दाखवला, इथे ऑस्ट्रेलियातल्या मैत्रिणींना दाखवला, आणि दर वेळी लक्षात आलं की पिक्चर अवघड नाहीये, आपण तो चुकीच्या ठिकाणी नजर लावून बघतो. म्हणून हे लिहितेय, ज्यांना बघायचाय त्यांनी कसा बघावा, आधी काय माहिती हवी, कुठे थांबावं. शेवट सांगणार नाही, काळजी नको.

आधी थोडक्यात. 2013 चा ऑस्ट्रेलियन पिक्चर, इव्हान सेन नावाच्या दिग्दर्शकाचा. कमी पैशात केलेला, इतका की लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, एडिटिंग आणि संगीत पण त्याचंच. सेनची आई गमिलराय समाजाची, म्हणजे न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तरेकडचे ॲबोरिजिनल लोक, ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी. गोष्ट साधी आहे, आउटबॅकमधलं, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड भागातलं, एक लहान गाव, रात्री हायवेखालच्या मोरीत एका ट्रकवाल्याला एका ॲबोरिजिनल मुलीचा मृतदेह सापडतो, आणि तपास येतो जेय स्वानकडे, जो स्वतः ॲबोरिजिनल आहे, याच गावचा आहे, शहरात राहून डिटेक्टिव्ह होऊन नुकताच परत आलाय. काम केलंय आरोन पेडरसनने, तो मूळचा ॲलिस स्प्रिंग्जचा. सोबत ह्यूगो वीव्हिंग आहे, ड्रग्जच्या पथकातला पोलीस म्हणून, आणि त्याची जेयशी जी काही बोलणी होतात त्यात तो मदत करतोय की धमकी देतोय हे शेवटपर्यंत नीट ठरवता येत नाही.

आता पहिली गोष्ट, मोबाइलवर बघू नका. खरंच नका बघू. यात अर्धी माहिती मोकळ्या जागेत आहे, माणूस फ्रेमच्या एका कोपऱ्यात एवढासा आणि बाकी सगळं आभाळ आणि माती, ते सहा इंचात दिसत नाही. मोठी स्क्रीन, अंधार, आणि आवाज नीट हवा कारण संगीत फार कमी आहे, त्याच्या जागी वारा, माश्या, लांबून भुंकणारी कुत्री, ट्रकचा आवाज हेच ऐकायचंय. कुत्र्यांकडे तर खास लक्ष ठेवा. सबटायटल्स इंग्रजी का होईना पण लावा, मी इथे ब्रिस्बेनला अकरा वर्षं राहतेय तरी मला आउटबॅकची बोली पहिल्या फटक्यात कळत नाही, तोंड फारसं न उघडता बोलतात आणि वाक्याचा शेवट गिळतात. लहान मुलांना सोबत बसवू नका, हिंसा कमी वेळ आहे पण विषय अल्पवयीन मुलींचा, ड्रग्जचा आणि ट्रकच्या रस्त्यावर मुलींचं काय होतं त्याचा आहे.

दुसरी गोष्ट, शब्द. मराठीत आपण पटकन आदिवासी म्हणतो आणि ते चुकीचं आहे असं नाही, पण मग डोक्यात आपल्याकडचं जंगल, पाडा, डोंगर येतं आणि पिक्चर सुरू होतो तेव्हा समोर दिसतो बॅगी टीशर्ट घातलेला, गावातल्या सरकारी घराच्या पायरीवर बसलेला पोरगा. मी ॲबोरिजिनल असंच म्हणते. हे विशेषण आहे, म्हणून ॲबोरिजिनल लोक, ॲबोरिजिनल बाई असं म्हणायचं, आणि त्याचं जे अर्ध्यावर तोडलेलं लहान रूप आहे ते इथे शिवी आहे, गंमत म्हणून सुद्धा तोंडात आणू नका. आणि ते एक समाज नाहीत, 250 च्या वर भाषा होत्या, किमान 65 हजार वर्षांपासून माणसं इथे राहतायत याचे पुरावे उत्तरेकडच्या मजेदबेबे नावाच्या ठिकाणी सापडलेत.

मॉब हा शब्द ऐकू येईल, त्याचा अर्थ जमाव नाही, आपली माणसं, आपलं कुळ. कंट्री म्हणजे देश नाही, ज्या जमिनीशी तुमचं नातं आहे ती जमीन, त्यातल्या पाण्यासकट आणि पूर्वजांसकट. स्टेशन म्हणजे रेल्वेचं नव्हे, गुरांचं अवाढव्य फार्म, एका घराकडे एखाद्या आख्ख्या तालुक्याएवढी जमीन असते. मिशन म्हणजे पूर्वी जिथे ॲबोरिजिनल लोकांना नेऊन ठेवलं ती वस्ती, आज सुद्धा कित्येक गावात त्या वस्तीला तेच नाव आहे. आंटी आणि अंकल तर आपल्याला शिकवायलाच नको, वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, आणि आईची बहीण ही पण आईच धरतात. माय मरो पण मावशी जगो ही म्हण ज्या भाषेत आहे त्या माणसाला हे समजायला पाच सेकंद लागतात, इथल्या सोशल वर्करला पुस्तक वाचून शिकावं लागतं.

सुरुवातीला एखाद्या वेळी पाटी येते की यात मृत व्यक्तींचे आवाज आणि चित्रं असू शकतात, ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर (उत्तरेकडच्या बेटांवरचे मूळ लोक) प्रेक्षकांनी सावध राहावं. ती घाईत पुढे ढकलू नका. अनेक समाजात गेलेल्या माणसाचं नाव काही काळ घेत नाहीत, फोटो झाकतात, आणि त्या काळाला सॉरी बिझनेस म्हणतात. हे डोक्यात असलं की मग एखादी बाई मेलेल्या मुलीबद्दल पोलिसाशी का बोलत नाही याची एक बाजू समजते. एकच बाजू, कारण दुसरी बाजू पोलिसांची आहे आणि ती मोठी आहे.

तिथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळा पिक्चर त्यावर उभा आहे.

आपण समजतो की पोलिसांवर विश्वास नाही म्हणजे पोलीस मारतात, लाच खातात, वगैरे. क्वीन्सलंडमध्ये, म्हणजे ज्या राज्यात पिक्चरचं बरंचसं शूटिंग झालंय तिथे, गोष्ट याच्यापेक्षा खोल आहे. 1800 च्या मधल्या काळात इथे नेटिव्ह पोलीस नावाचं दल होतं, वर गोरा अधिकारी आणि खाली ॲबोरिजिनल शिपाई, आणि हे शिपाई मुद्दाम लांबच्या मुलखातून आणलेले, म्हणजे ज्यांच्यावर गोळ्या झाडायच्या ते त्यांच्या नात्यातले, भाषेतले नसावेत. या दलाने किती माणसं मारली याचा पूर्ण हिशोब लागणार नाही कारण कागद ठेवायचेच नव्हते. त्यानंतर 1897 चा कायदा आला, नाव संरक्षणाचं, आणि गावातल्या पोलिसाला केलं ॲबोरिजिनल लोकांचा प्रोटेक्टर. म्हणजे तोच पोलीस ठरवणार की तुम्ही कुठे राहायचं, कुठे कामाला जायचं, लग्न कुणाशी करायचं, आणि तुमची मजुरी सुद्धा त्याच्या ताब्यातल्या खात्यात जमा होणार, आपल्याच पैशासाठी त्याच्यापुढे जाऊन उभं राहायचं. जो ऐकणार नाही त्याला पाम आयलंडसारख्या लांबच्या बेटावर पाठवून द्यायचं. हे फार जुनं नाहीये, त्या मजुरीच्या पैशासाठी लोक कोर्टात गेले आणि 2019 मध्ये क्वीन्सलंड सरकारने 19 कोटी डॉलरची तडजोड मान्य केली, ज्यांचे पैसे होते त्यातले कितीतरी तोपर्यंत गेलेले. आणि मुलं घरातून उचलून नेणं, ज्याला स्टोलन जनरेशन्स म्हणतात, त्यातही दारात येऊन उभा राहणारा माणूस बऱ्याचदा पोलीसच असायचा. 1997 मध्ये त्याचा अहवाल आला, 13 फेब्रुवारी 2008 ला पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली.

आता पिक्चरकडे या. जेय स्वान दारात उभा आहे, डोक्यावर स्वच्छ हॅट, कमरेला पिस्तूल, आणि आतली बाई नुसती बघतेय. ती त्याला आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या दीडशे वर्षांना बघतेय. हा सीन तुम्ही काही घडत नाहीये म्हणून पुढे ढकललात तर पिक्चर संपला तुमच्यासाठी.

माझे बाबा सोलापूर भागात हवालदार होते, आता रिटायर. ते इथे तीन महिने आले होते तेव्हा त्यांना मी हा दाखवला, मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगत. पहिल्या पंधरा मिनिटातच ते म्हणाले, "पंचनाम्याला एवढीच माणसं? खून हाय का ढोर मेलंय?" मी तोपर्यंत दोनदा बघितला होता आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग त्यांनी पूर्ण पिक्चर तसाच बघितला, पोलिसाच्या नजरेने, कुणाला किती माणसं दिली, कुणाला गाडी दिली, साहेब डोळ्यात बघून बोलतो का कागदात बघून बोलतो. जेय जास्तीची माणसं मागतो आणि त्याला मिळत नाहीत, चौकीचं सगळं लक्ष ड्रग्जच्या केसकडे आहे. आणि मग तो एका दारातून दुसऱ्या दारात जात राहतो तेव्हा बाबा म्हणाले, "ह्या पोराला कुणी पाणीबी इचारंना बघ."

नंतर बराच वेळ ते गप्प होते आणि मग जेवताना बोलले की मी पण असा उभा राहिलोय, पारध्यांच्या पालावर. चोरी कुठेही झाली की गाडी आधी तिकडेच जायची, आणि बायका अशाच बघायच्या, अगदी अशाच, म्हणाले. हा संबंध मी ओढून ताणून आणत नाहीये. 1871 चा क्रिमिनल ट्राइब्स ॲक्ट आणि 1897 चा क्वीन्सलंडचा कायदा एकाच साम्राज्यातले आहेत, माणसाला जन्मावरून पोलिसाच्या रजिस्टरात टाकायचं, हजेरी लावायची, हलायचं तर पास. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती, आजही त्या भागाला सेटलमेंटच म्हणतात. 1952 ला कायदा गेला, लोक विमुक्त झाले, पण पालावर गाडी यायची थांबली नाही. तर तुम्हाला जेय स्वान समजून घ्यायला अवघड जात असेल तर असं समजा की पारध्याच्या घरातला पोरगा फौजदार होऊन आपल्याच तालुक्यात पोस्टिंगला आलाय. चौकीतले त्याला आपला मानत नाहीत आणि पालावरचे पण नाही. बाकी तुलना इथेच थांबवा, कारण जमिनीचा इतिहास दोन्हीकडे वेगळा आहे आणि सगळं एकसारखं करून टाकलं की दोन्ही नीट दिसत नाहीत.

जमिनीवरून सांगते, वरून घेतलेले शॉट्स आहेत, थेट आभाळातून खाली गावाकडे. ते सुंदर दिसावं म्हणून घातलेत असं मला आधी वाटलं. पण नीट बघा, रस्ते कसे आखलेत, घरं कुठे संपतात, संपल्यावर काय आहे. गावकुसाबाहेर हा शब्द आपल्याकडे आहे, इंग्रजीत त्याला धड शब्द नाही, आणि या शॉट्ससाठी तोच लागतो. मराठी माणसाला गावाचा नकाशा वाचता येतो, कोण वेशीच्या आत, कोण बाहेर, पाणी कुणाच्या बाजूला, ती नजर इथे लावा.

आणि ठिकाणांची नावं ऐका. मृतदेह सापडतो त्या ओढ्याचं नाव मॅसेकर क्रीक, आणि पुढे एक स्लॉटर हिल पण येते. मॅसेकर म्हणजे कत्तल, स्लॉटर म्हणजे पण तेच. पिक्चरमधली ही नावं बनवलेली आहेत पण अशी खरी नावं ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर ठिकठिकाणी आहेत. पिक्चरचं बरंचसं शूटिंग विंटन नावाच्या गावी झालंय, मध्य-पश्चिम क्वीन्सलंडमध्ये, आणि विंटनच्या जवळच ब्लेडन्सबर्ग नॅशनल पार्कमध्ये स्कल होल म्हणून जागा आहे, कवटीचा डोह म्हणा, जिथे 1800 च्या शेवटच्या दशकांमध्ये कोआ लोकांची कत्तल झाली असं सांगतात. न्यूकॅसल युनिव्हर्सिटीने 2017 पासून अशा कत्तलींचा नकाशा ऑनलाइन ठेवलाय, लिंडल रायन या इतिहासकार बाईंनी सुरू केलेला. पिक्चर बघायच्या आधी दहा मिनिटं तो उघडून बसा, एकेका टिंबावर क्लिक करा, तारीख, किती माणसं, कुणी मारलं, पुरावा काय. 1838 चं मायॉल क्रीक शोधा, तिथे किमान 28 जणांना मारलं आणि सात गोऱ्यांना फाशी झाली, आणि मग 1928 चं कॉनिस्टन शोधा, तिथे तुकडीच्या पुढे एक पोलीस कॉन्स्टेबल होता, सरकारी आकडा 31 आणि खरा त्याच्या बराच वर, आणि शिक्षा कुणालाही नाही. 1928 म्हणजे माझ्या आजोबांच्या जन्माच्या आसपास. तो नकाशा बघून झाला की मग मॅसेकर क्रीक हे नाव नुसतं थ्रिलरचं नाव वाटत नाही, आणि जेय जेव्हा त्या पुलाखाली वाकून बघतो तेव्हा पोटात काहीतरी होतं.

मी एकदा गाडीने विंटनला गेलेय, ब्रिस्बेनपासून साधारण साडेतेराशे किलोमीटर, दोन दिवस लागले. लोक तिथे डायनासोरचे जीवाश्म बघायला जातात. मला तो उजेड बघायचा होता. संध्याकाळी सूर्य खाली गेला की जमीन आतून पेटल्यासारखी होते, साधारण वीस मिनिटं, आणि मग एकदम सगळं निळं. सेनने कितीतरी सीन त्या वीस मिनिटांत घेतलेत, लाइट भाड्याने आणायला पैसे नसतील तर सूर्यच वापरायचा, पण त्याचा अर्थ असा की रोज फक्त तेवढाच वेळ मिळणार आणि नट तयार पाहिजेत. ज्यांना शॉर्टफिल्म वगैरे करायचीय त्यांनी या पिक्चरकडे या बाजूने पण बघा. गर्दी नाही, सेट नाहीत, खरी घरं, खरा रस्ता, दोन माणसं समोरासमोर आणि मधे भरपूर अंतर. शेवटचा गोळीबार पण असाच, लांब पल्ल्याच्या रायफली, माणसं ठिपक्याएवढी, गोळी लागायला वेळ लागतो आणि नेम चुकतात. मी बघितलेल्या गोळीबारांत इतका खरा वाटणारा दुसरा आठवत नाही. विंटनला रॉयल म्हणून शंभर वर्षं जुनं उघड्यावरचं थिएटर आहे, कॅनव्हासच्या आरामखुर्च्या मांडलेल्या असतात, वर तारे. तिथे बसल्यावर कळलं की या पिक्चरमधली शांतता कुणी बनवलेली नाही, तिथे आहेच ती.

आता शांततेबद्दलच. बघताना माझी एक पद्धत आहे, सांगते, करून बघा. जेय कुणाला प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर ऐकू नका, उत्तराच्या आधीचा वेळ मोजा. ॲबोरिजिनल पात्रं गप्प राहतात ते वेगळं, गोरी पात्रं गप्प राहतात ते वेगळं. पहिल्यांमध्ये बरेचदा विचार करणं आहे, आदर आहे, भीती आहे, डोळ्यात न बघणं हा कित्येक ठिकाणी शिष्टाचार आहे. शेतमालक, चौकीतले, शिकारी हे जेव्हा गप्प राहतात तेव्हा ते लपवणं आहे, आणि खूप वेळा उत्तराऐवजी उलटा प्रश्न येतो. मृतदेह सापडला त्याच्या शेजारची जमीन ज्याची आहे त्या म्हाताऱ्याचा आणि त्याच्या कांगारू मारणाऱ्या पोराचा सीन परत लावून बघा, कोण कुणाच्या जमिनीवर उभं आहे हाच प्रश्न दोघांच्या मधे आहे आणि कुणीच तो बोलत नाही.

हे नुसतं नाटक नाही, कोर्टात याने माणसं तुरुंगात गेलीत. पोलीस दहा वेळा एकच प्रश्न विचारतो आणि समोरचा माणूस कंटाळून, घाबरून किंवा सभ्यपणा म्हणून हो म्हणतो, तो हो कबुलीजबाब धरला जातो. नॉर्दर्न टेरिटरीच्या सुप्रीम कोर्टाने 1976 मध्ये यावर पोलिसांना नियम घालून दिले, दुभाषी द्या, ओळखीचा माणूस जवळ बसवा, ज्यात हो-नाही आधीच सुचवलंय असे प्रश्न विचारू नका. जेयचे प्रश्न ऐका, तो कमी विचारतो आणि थांबतो. त्याला भाषा येते असं नाही पण थांबायचं कसं ते येतं, आणि तरीही त्याला उत्तर मिळत नाही हे जास्त लागतं.

त्याची मुलगी आणि त्याच्यापासून वेगळी राहणारी बायको यांचे सीन लोकांना मधेच आलेले वाटतात, केसचा स्पीड जातो म्हणून. पण मेलेली मुलगी त्याच्या मुलीच्या ओळखीतली आहे. म्हणजे तो ज्या दारात सगळ्यात अवघडून उभा राहतो ते दार त्याच्या स्वतःच्या घराचं आहे. शहरात जाऊन मोठा झालेला आणि घरच्यांना मागे ठेवून गेलेला माणूस आपल्यापैकी कितीजण आहोत, मी तर आहेच, त्या सीनला मला दर वेळी जड जातं.

मध्ये कधीतरी तुम्हाला वाटेल की एवढं कुणी दुर्लक्ष करतं का, एका मुलीचा गळा चिरलाय आणि चौकीत कुणाला काही पडलेलं नाही, हे जरा जास्तच दाखवलंय. तेव्हा बोरव्हिल आठवा. न्यू साउथ वेल्समधलं छोटं गाव, 1990-91 मध्ये पाच महिन्यांत तीन ॲबोरिजिनल मुलं मारली गेली, तिन्ही एकाच वस्तीतली, आणि सुरुवातीला घरच्यांना सांगितलं गेलं की कुठेतरी भटकायला गेली असतील. आजपर्यंत शिक्षा कुणालाही झालेली नाही, घरचे तीस वर्षं लढतायत. तुरुंगातली बाजू अशी की लोकसंख्येत ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर लोक 4 टक्क्यांच्या आत आणि तुरुंगात मात्र साधारण तीनात एक. कोठडीतल्या मृत्यूंवर 1987 मध्ये रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसलं, 99 मृत्यू तपासले, 1991 ला 339 शिफारशी दिल्या, आणि त्यानंतर आजपर्यंत 500 च्या वर माणसं कोठडीत मेलीत. बेपत्ता आणि मारल्या गेलेल्या बायका-मुलांवर सिनेटची चौकशी झाली तिचा अहवाल यायला 2024 उजाडलं, पिक्चर त्याच्या अकरा वर्षं आधीचा आहे.

म्हणून मी म्हणते, खुनी कोण हे बाजूला ठेवा. कुणी मारलं हे शेवटी कळतं न कळतं, काही धागे मोकळेच राहतात, आणि त्यावरून चिडू नका. बघताना स्वतःला वेगळा प्रश्न विचारा, ही मुलगी कुणाची होती असं आत्ता कोण विचारतंय? प्रत्येक सीनला विचारा. बहुतेक वेळा उत्तर एकच माणूस येतं, आणि कधीकधी तो पण नाही. एवढं एक केलंत की जो अर्धा तास रिकामा वाटत होता तो भरून जातो.

एक सांगायचं राहिलं, इथे राहणाऱ्या मराठी लोकांसाठी. आपण इथे येतो, घर घेतो, मंडळात गणपती बसवतो, आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीला कुणीतरी कागदावरून वाचतं की ही जमीन अमुक लोकांची आहे, आणि आपण खुर्च्या सरकवत असतो. मी पण सरकवल्यात. पिक्चर बघून झाल्यावर मी निदान आपल्या सबर्बची जमीन कुणाची ते शोधलं, लायब्ररीत विचारलं, तिथल्या बाईने मला एक नकाशा आणि दोन पुस्तकं काढून दिली. एवढं कुणीही करू शकतं, आणि मग ते वाचलेलं वाक्य कानावरून जात नाही.

पुढे काय बघायचं. जेय स्वानचाच दुसरा पिक्चर गोल्डस्टोन, 2016 चा, खाणीच्या गावात, त्यात जमिनीच्या करारावर सह्या कशा घेतल्या जातात ते आहे आणि खाणीसाठी आणलेल्या आशियाई बायकांचं पण आहे, सुरुवातीचे जुने काळे-पांढरे फोटो चुकवू नका. मग 2018 ची एबीसी या सरकारी चॅनेलची सिरीज, मिस्टरी रोड याच नावाची, पहिला सीझन वायव्येकडच्या किंबर्ली भागात घडतो, सहा भाग, ज्यूडी डेव्हिस आहे, दिग्दर्शन रेचल पर्किन्सचं. तिचे वडील चार्ल्स पर्किन्स, ज्यांनी 1965 ला सिडनीच्या विद्यार्थ्यांना बसमध्ये घालून मोरी गावाला नेलं, कारण तिथल्या स्विमिंग पूलमध्ये ॲबोरिजिनल मुलांना येऊ देत नव्हते, आणि ते मुलांना घेऊन पूलमध्ये उतरले. मिस्टरी रोड पिक्चरचं थोडं शूटिंग त्याच मोरी गावात झालंय. सिरीज पिक्चरपेक्षा सोपी आहे, पात्रं जास्त बोलतात, ज्यांना पिक्चर फारच हळू वाटतोय त्यांनी हवं तर सिरीजपासून सुरुवात करा, पण मग पिक्चरला परत या. 2022 चा ओरिजिन हा सीझन तरुण जेयचा आहे, तो शेवटी ठेवा.

बाबा परत गेल्यावर महिन्याभराने फोनवर त्यांनी विचारलं की त्या पोरीच्या आईचं पुढं काय झालं? केस मिटल्यावर तिच्याकडं कोण गेलं का? नोकरीत असताना मी कधी गेलो नाही बघ, म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं, पिक्चरमध्ये ते नाहीच. मग इव्हान सेनचाच 2023 चा लिम्बो त्यांना कसा लावायचा ते सांगितलं, ओपल या रत्नाच्या खाणींचं कूबर पेडी गाव, जिथे माणसं उन्हामुळे जमिनीखाली घर करून राहतात, पूर्ण ब्लॅक अँड व्हाइट, आणि एक गोरा डिटेक्टिव्ह वीस वर्षांपूर्वी हरवलेल्या ॲबोरिजिनल मुलीची फाइल घेऊन तिच्या भावा-बहिणीच्या दारात येऊन उभा राहतो.

त्यांनी तो दोन रात्रीत बघितला, थोडा थोडा, आवाज मोठा करून.